‘नाही’ कोणी म्हटलं?

एका वर्षी पेपर तपासताना लक्षात आलं की ‘मानवी हक्कांचा उगम स्पष्ट करा’ या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं एकाच वाक्याने सुरू होतायत. ‘मानवी हक्कांच्या संकल्पनेचा उगम इ.स. १२१५ मधील मॅग्ना कार्टा या सनदेत आढळतो.’ पहिल्या गठ्ठ्यात वाटलं, पोरांनी कॉपी केली. दुसऱ्या गठ्ठ्यात वाटलं, गाइडमधून आलं असेल. तिसऱ्या गठ्ठ्यापाशी आठवलं की हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझं.

दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढायचे. डाव्या टोकाला १२१५. मग १६८९, इंग्लंडचा हक्कांचा कायदा. १७७६, अमेरिकेचा जाहीरनामा. १७८९, फ्रान्स. उजव्या टोकाला चौकट करून १९४८, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा. रेघ रुळासारखी सरळ. गाडी लंडनहून सुटते, पॅरिसला पाणी भरते, न्यूयॉर्कला पोचते आणि तिथून उरलेल्या जगाला पार्सलं वाटली जातात. वर्गातली मुलं त्या रेघेवर कुठेच नसायची. फार तर शेवटच्या फलाटावर पार्सलाची वाट बघत उभी.

मॅग्ना कार्टा मी तोवर नीट वाचलेली नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही. वाचली तेव्हा कळलं की तो बऱ्याच अंशी चिडलेल्या सरदारांनी राजा जॉनशी केलेला तह आहे. त्यातला संरक्षणाचा मजकूर ‘स्वतंत्र माणसां’पुरता, आणि जमिनीला बांधलेली बहुसंख्य कुळं त्या शब्दात बसतच नव्हती. जूनमध्ये सनद झाली, ऑगस्टमध्ये पोपने ती रद्द केली. पुढे शतकानुशतकं लोकांनी त्या सनदेतून हवा तो अर्थ काढला, आणि तो काढण्याचा इतिहास खरोखर मोठा आहे. पण ‘उगम’? एखादी नदी कुठून निघते हे नकाशा काढणारा कुठे उभा आहे त्यावर ठरत असेल, तर तो उगम कसला.

मग मी उलट चूक केली. ती जास्त लाजिरवाणी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रेघेच्या डावीकडे फळा रिकामा होता, तो भरायला घेतला. इराणच्या सम्राट सायरसचा मातीचा दंडगोल, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला. त्याची प्रतिकृती १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांकडे आहे, म्हणजे वजनदार पुरावा. मग अशोकाचे शिलालेख. मुलं खूश, मीही खूश. ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ या वाक्याला वर्गात एक हमखास टाळी असते. पुढे दंडगोलाचं भाषांतर वाचलं. बॅबिलोन जिंकणाऱ्या राजाने, देवाने मलाच निवडलं असं सांगत कोरून घेतलेला तो मजकूर आहे. तशा मजकुरांची त्या मुलखात परंपराच होती. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप आहे आणि तो मला आजही हलवून जातो. पण त्याच लेखात अरण्यात राहणाऱ्यांना इशाराही आहे: राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात ताकद आहे, नीट वागा. मी पहिला भाग शिकवत होते आणि दुसरा गाळत होते. मॅग्ना कार्टाच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं. राजा बदलला, रेघ तीच. देणारा वर बसलेला, घेणारे खाली.

या सगळ्याला, म्हणजे साम्राज्यांच्या नजरेतून आखलेली रेघ मोडायच्या खटाटोपाला, अभ्यासक मंडळी ‘निर्वसाहतीकरण’ म्हणतात. शब्द उच्चारायलाच एक श्वास जातो. शिवाय मराठीत वसाहत म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतात एकसारख्या इमारती आणि पाण्याची टाकी. एका मुलाने मला अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं, “मॅडम, म्हणजे वसाहत पाडायची का?” वर्ग हसला. मी म्हटलं, साधारण तसंच. आता वाटतं, पाडण्यापेक्षा आत कोण राहत होतं, किल्ल्या कुणाकडे होत्या आणि कुणाला फाटकावर अडवलं जायचं, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

त्यामुळे आता मी रेघ ओढत नाही. एक प्रसंग घेते आणि तीनच गोष्टी विचारते. मागितलं कोणी? कोणाकडे मागितलं? आणि ‘नाही’ कोणी म्हटलं?

हैती घ्या. माझ्या जुन्या रेघेवर १७८९ च्या पुढे ते असायला हवं होतं आणि नव्हतं. फ्रान्सने ‘माणसाचे आणि नागरिकाचे हक्क’ जाहीर केले तेव्हा फ्रान्सच्याच सेंट-डोमिंग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवर लाखो माणसं गुलाम होती. १७९१ मध्ये ती उठली. १७९४ मध्ये पॅरिसने गुलामगिरी रद्द केली, १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने ती परत आणायला फौज धाडली, आणि १८०४ मध्ये त्या फौजेला हरवून हैती स्वतंत्र झालं. पुढच्याच वर्षीच्या संविधानात एक कलम आहे, ते वाचून वर्ग दर वेळी थांबतो: यापुढे हैतीचे सगळे नागरिक, रंग कोणताही असो, ‘काळे’ या एकाच नावाने ओळखले जातील. त्यांत तिथे राहिलेले काही पोलिश आणि जर्मनही आले. ज्या शब्दाने माणसाला बाजारात उभं केलं, तोच शब्द नागरिकत्वाचा. आणि ‘नाही’ कोणी म्हटलं? १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून, मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. गुलामांनी मालकांना द्यायची भरपाई. पुढे रक्कम ९ कोटींवर आणली, पण ते देणं आणि त्यासाठी काढलेली कर्जं फेडण्यात पिढ्या गेल्या. या तासानंतर १७८९ चा जाहीरनामा मी फाडत नाही, उलट त्याच तासाला वाचते. तो जाहीरनामा सगळ्यांत गांभीर्याने कोणी घेतला, हे मग मुलांना सांगावं लागत नाही.

१९४८ बद्दल मात्र मला माझ्याच गोटातल्या लोकांशी भांडावं लागतं. ‘तो पाश्चात्त्यांचा कागद’ असं एका वाक्यात उडवणं सोपं आहे. मसुदा झाला त्या खोलीत कोण होतं ते पाहा. अमेरिकेच्या एलेनॉर रूझवेल्ट अध्यक्ष आणि फ्रान्सचे रने कासँ, हे खरंच. पण चीनचे पेंग-चुन चांग होते, कन्फ्यूशियसचा आधार घेऊन वाद घालणारे. पहिल्या कलमात बुद्धीच्या शेजारी सदसद्विवेक येऊन बसला त्यामागे त्यांचा आग्रह होता. लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, चिलीचे एर्नान सांता क्रूझ होते. आणि भारताच्या हंसा मेहता होत्या. मसुद्यात ‘ऑल मेन’ असं होतं. पुरुषवाचक शब्दात बायका आल्याच, असं मानणारे बरेच होते. मेहतांनी हट्टाने ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करायला लावलं. आपल्या देशात पुरुष म्हणजे पुरुषच समजतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं. (मराठीत ही अडचण थोडी कमी. आपल्याकडे बाईमाणूस असतं आणि गडीमाणूसही. शब्द दोघांना सामावून घेतो. व्यवहाराचं विचारू नका.)

मग खोलीत कोण नव्हतं तेही पाहायचं. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सभासद ५८. आफ्रिका खंडातले चार: इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. यातल्या शेवटच्या देशात त्याच वर्षी वर्णभेदाचं राजकारण करणारा पक्ष सत्तेवर आलेला. १० डिसेंबरला मतदान झालं. बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८. ते आठ कोण? सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले देश, युगोस्लाव्हिया, सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिका. ‘नाही’ कोणीच म्हटलं नाही, असं कागद सांगतो. कधी कधी ‘नाही’ म्हणायला फक्त गप्प बसावं लागतं.

आणि काही ‘नाही’ मतदानापर्यंत पोचूच देत नाहीत. १९४७ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना एक लांबलचक अर्ज दिला: आमच्याच देशात आमचं काय चाललंय ते पाहा. तो चर्चेला येऊ नये म्हणून त्यांच्याच सरकारने वजन खर्च केलं. रूझवेल्ट स्वतः त्या संघटनेच्या मंडळावर होत्या, तरी तो अर्ज मांडायला त्या तयार झाल्या नाहीत. एकाच बाईचं हे दोन्ही वागणं वर्गात शेजारी ठेवलं की मुलं अस्वस्थ होतात. मला ती अस्वस्थता हवी असते. मूर्ती फोडायची नाही आणि पुजायचीही नाही. नुसती तारखांसकट बघायची.

त्याआधी २४ वर्षं, १९२३ मध्ये, उत्तर अमेरिकेतल्या हॉडेनोशौनी लोकांचा प्रतिनिधी देस्काहे स्वतःच्या राष्ट्राचा पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला गेला होता. राष्ट्रसंघाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संस्थेला, सांगायला, की कॅनडाने आमचा कारभार गिळू नये, आमचे तह अजून जिवंत आहेत. त्याला बोलू दिलं नाही. १९२५ मध्ये तो वारला. आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला तो २००७ मध्ये. १४४ देश बाजूने, चार विरोधात: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौघांनी पुढे भूमिका बदलली. पण २००७ मधली ती चार नावं फळ्यावर लिहून मी खडू ठेवते आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही.

माझा सगळ्यांत आवडता कागद मात्र युरोपचा आहे. १९५० चा युरोपीय मानवी हक्क करार, रोममध्ये सही झालेला. त्यात ६३ व्या क्रमांकाचं एक कलम आहे (आता ते ५६ वं): सही करणाऱ्या देशाने हा करार आपल्या ताब्यातल्या परदेशी प्रदेशांना लावायचा की नाही, हे त्याने स्वतः जाहीर करून ठरवावं, आणि लावला तरी ‘स्थानिक गरजा’ लक्षात घेऊन. वर्गात मी आधी फक्त हे कलम वाचायला देते आणि विचारते, हे कलम कोणाला हवं असेल? मग तारखा देते. १९५२, ब्रिटनच्या ताब्यातल्या केनियात आणीबाणी. १९५३, ब्रिटनने करार आपल्या चाळीसहून अधिक प्रदेशांना लागू केला, त्यांत केनियाही. म्हणजे करार लागू, आणि त्याच वेळी आणीबाणीच्या नावाखाली त्यातून सवलतही. माणसं छावण्यांत, मारहाण आणि छळ चालू. २०११ मध्ये ब्रिटनच्या हॅन्सलोप पार्क इथल्या सरकारी इमारतीत वसाहतींच्या फायली ‘सापडल्या’. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ केनियन लोकांबरोबर तडजोड केली, १ कोटी ९९ लाख पौंड, आणि संसदेत खेद व्यक्त केला. वयाची सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांना मिळालेलं उत्तर. या तासाला माझं बोलणं मोजून दहा मिनिटं असतं. बाकीचं ते कलम आणि त्या तारखा बोलतात.

इथवर माझं बरं चाललं होतं, असं मला वाटत होतं. पण ‘नाही’ म्हणणारा नेहमी गोरा आणि दूरचा असला की विद्यार्थ्याला फार आराम मिळतो. माझ्या तासांना तो आराम यायला लागला होता. मुलं साम्राज्यांवर तावातावाने बोलायची आणि घंटा झाली की सगळं तिथेच राहायचं.

महाड त्यासाठी आणलं. १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. १९२४ मध्ये नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क पूर्ण होता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. डिसेंबरमध्ये पुन्हा जायचं ठरलं, तर दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम दिला. आता विचारा, ‘नाही’ कोणी म्हटलं? गावाने म्हटलं. धर्माचा हवाला देऊन म्हटलं. आणि वसाहतीच्या कोर्टाने निकाल लागेपर्यंत त्यांची बाजू राखली. उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ मध्ये. त्या डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकरांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता. तो उसना होता का? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली, ते परकं होतं का? ज्याला तहान लागलीय तो भांडं कुठल्या गावच्या कुंभाराचं आहे हे विचारत नाही. ते विचारणारे बहुधा तळ्याच्या काठावर आधीपासून बसलेले असतात. ‘हक्क ही पाश्चात्त्य कल्पना, आमची संस्कृती वेगळी’ हे वाक्य मी जगभरच्या किती सत्ताधाऱ्यांच्या तोंडी वाचलंय. छावणीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाच्या तोंडी अजून वाचलेलं नाही.

शब्दांचंही असंच. ‘अधिकार’ आपला आणि ‘हक्क’ बाहेरचा, असं कुणीतरी दर वर्षी म्हणतंच. हक्क अरबी, खरं आहे. मुळात तो सत्याला जोडलेला शब्द. मराठी दप्तरांत तो आला वतनदारांच्या ‘हक्क-लाजिम्या’तून, म्हणजे देशमुख-पाटलांना रयतेकडून मिळणाऱ्या वाट्यातून. ज्याला वतन त्याला हक्क. आणि अधिकार? आपल्या शास्त्रांत तो कायम कुणाला आहे आणि कुणाला नाही याच हिशेबात येतो. वेद ऐकायचा अधिकार, यज्ञाचा अधिकार. अधिकारभेद हा तर त्यातला पारिभाषिक शब्दच. दोन्ही शब्दांच्या पोटात उतरंड आहे. निर्मळ शब्द शोधत बसले असते तर मला मुकंच राहावं लागलं असतं. पण वापराने शब्द कुठल्या कुठे जातात. आपण ‘हक्काचं माणूस’ म्हणतो. ‘हक्काने सांग’ म्हणतो. इथे हक्क म्हणजे भांडून घेतलेला वाटा नाही की वरून मिळालेली सनद नाही. ज्याच्याकडे मागताना मान खाली घालावी लागत नाही, असं नातं. हे इंग्रजीत कसं सांगायचं याचा मी बराच प्रयत्न केला आणि सोडून दिला. न्यूझीलंडमध्ये २०१७ च्या कायद्याने वांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती मानलं, तिच्या वतीने बोलायला दोन पालक नेमले, एक सरकारकडून आणि एक तिथल्या मूळच्या माओरी लोकांकडून. तो कायदा शिकवताना मला ‘हक्काचं माणूस’ फार कामाला येतं. नदी तुमच्या हक्काची, म्हणजे मालकीची की नात्याची? अर्धा तास वाद चालतो.

एक गोष्ट राहिली आणि ती सांगताना मला अजून अवघडतं. पाश्चात्त्य उदाहरणं कमी करायची म्हणून मी मुलांना त्यांचे स्वतःचे अनुभव सांगायला लावायला सुरुवात केली होती. ‘तुमच्यावर अन्याय झाल्याचा प्रसंग.’ एका मुलीने सांगितला. वर्ग हेलावला, मी हेलावले. पुढच्या वर्षी तिचं नाव न घेता मी तोच प्रसंग नव्या वर्गात सांगितला. तो फार परिणामकारक होता. कुणाकडून तरी तिला कळलं. ती माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, “मॅडम, ते मी त्या दिवशी त्या वर्गाला सांगितलं होतं. तुम्हाला दिलं नव्हतं.”

माओरी अभ्यासक लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ च्या पुस्तकात संशोधन हा शब्द आदिवासी लोकांच्या कानांना किती घाण लागतो ते लिहिलंय, कारण बाहेरून आलेली माणसं गोष्टी घेऊन जातात. ते मी शिकवत होते. टिपणंसुद्धा काढून दिली होती. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मानवी हक्क शिक्षणाच्या जाहीरनाम्यात म्हटलंय की हे शिक्षण हक्कांविषयी असावं, हक्कांसाठी असावं आणि हक्कांच्या मार्गानेही असावं. पहिलं मला येत होतं. दुसऱ्यावर भाषण देता येत होतं. तिसऱ्याच्या वेळी त्या मुलीने ‘नाही’ म्हटलं आणि या वेळी मागणारी मी होते. तेव्हापासून वर्गात स्वतःचं काही सांगण्याची सक्ती नाही, आणि कुणी सांगितलंच तर ते त्या खोलीतच राहतं. याने तास कमी परिणामकारक होतात. होऊ देत.

यंदा पेपर मी काढला नव्हता. प्रश्न तोच आला, ‘उगम स्पष्ट करा’, दहा गुण. सोबत आलेल्या नमुना उत्तरात पहिला मुद्दा मॅग्ना कार्टा, दोन गुण. एका उत्तरपत्रिकेत सुरुवातीलाच लिहिलं होतं: ‘उगम सांगता येत नाही. पण १९२३ साली एक माणूस पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला गेला होता, तिथून सुरू करतो.’ पुढे अडीच पानं. व्याकरणाच्या चुका भरपूर, देस्काहेचं नाव दोनदा चुकलेलं. मी साडेसात गुण दिले आणि समासात कारण लिहिलं. मॉडरेशनहून गठ्ठा परत आला तेव्हा साडेसात खोडून पाच केले होते. शेजारी लाल शाईत: ‘मॅ. का. चा उल्लेख नाही.’ पुनर्विचाराचा अर्ज भरलाय. त्यात ‘कोणाकडे’ असा एक रकाना असतो.